घास काढल्याची सही

सोसायटीच्या ऑफिसात एक फाइल आहे आणि तिच्यात माझं माफीपत्र लागायचं राहिलं आहे. गेल्या उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीपासून, मागताहेत. आधी नोटीस आली, मग वॉचमनबरोबर निरोप आला, मग आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांनी, मला जिन्यात गाठून हसत हसत सांगितलं, "टीचर, बे लीटी लखी आपो ने, वात पूरी." दोन ओळी लिहून द्या, विषय संपला. मी मराठी शाळेत एकतीस वर्षं मुलांकडून ओळी लिहून घेतल्या आहेत. दोन ओळींत काय काय मावतं हे मला कोणी शिकवू नये. मी काही लिहून देणार नाही, आणि का देणार नाही ते इथे सांगते.

आमची सोसायटी सुरतेत, गोडादऱ्यात. चार बिल्डिंगा. अर्धी घरं काठियावाडातून आलेल्यांची, अर्धी आम्हा खानदेशातल्यांची, मधे एक-दोन विदर्भातली. भांडणतंटा नाही. एकमेकांच्या लग्नात जेवतो, कोणी आजारी पडलं तर डबा जातो. पण फळ्यावरची नोटीस गुजरातीत, मीटिंग गुजरातीत, आणि आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसून माना डोलावणार. मीही डोलावत आले. नवरा म्हणायचा, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मला ते पटायचं नाही, पण गप्प बसायला पटावं लागतं असं थोडंच आहे.

वडील गेले आणि वर्षभरात आई माझ्याकडे राहायला आली. भाऊ गावीच असतो. तो वाईट नाही, हे आधी सांगून टाकते. त्याने शेतात केळी लावल्या, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि बांध स्वच्छ दिसावा म्हणून बांधावर तणनाशक मारलं. त्या बांधावर मारवेल होतं. माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं. आठ दिवसांत बांध पिवळा पडला, पंधरा दिवसांत काळा. माणूस गेला तर घर दहा दिवस सुतक धरतं. बांधाचं कोणी धरलं नाही. एकट्या आईने त्या दिवशी जेवण केलं नाही, आणि भावाला वाटलं तिचं पोट बिघडलंय.

तिला आणायला मी उधना स्टेशनवर गेले होते. खानदेशातून येणारी आई म्हणजे पापड, बिबड्या, कळण्याचं पीठ, असा माझा हिशेब. ती उतरली ती एक ओलं गोणपाट छातीशी धरून. वाटभर त्यावर पाणी शिंपडत आली होती, शेजारच्या बाईची साडी भिजली म्हणून त्या बाईशी भांडून आली होती. आत मारवेलाची ठोंबं होती. विहिरीच्या कडेला फवारा पोचला नव्हता, तिथली उकरून आणलेली. ठोंब म्हणजे गवताचा मुळांसकट निघणारा जुडगा. मोजून अकरा होती.

"माय, सुरतले गवत आनं तू?" मी म्हटलं. सुरतेला गवत घेऊन आलीस?

"गवत नही, मारवेल शे," ती म्हणाली. रिक्षा मिळेपर्यंत मी इकडेतिकडे बघत होते, शाळेतलं कोणी बघत नाही ना म्हणून. ही लाज मी लपवत नाही. तिची पुढे व्याजासकट फेड झाली.

ज्यांनी मारवेल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहिलं सगळ्यांनी असतं, ओळखलेलं नसतं. हे एकेक काडीने उगवणारं गवत नव्हे. बुडाशी पन्नास काड्या एकत्र धरून उभं राहतं, जुडीसारखं. काडीच्या प्रत्येक पेराला बारीक पांढऱ्या केसांचं कडं असतं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ती नख लावून पेर चाचपायची आणि सांगायची हे मारवेल, हे नव्हे. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. कापलं की फुटतं. उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं आणि मेलेलं नसतं. आणि गाय बाकीचं सगळं हुंगून सोडून आधी यालाच तोंड लावते. आमच्या गावी म्हणायचे, ज्याच्या बांधावर मारवेल त्याच्या घरी ताक. आमच्या घरी ताक असायचं.

बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून एक पट्टा मोकळा होता. बांधकामाचा राडारोडा, फुटक्या फरश्या, कोणाचा तरी मोडका कमोड. आषाढात आईने तो पट्टा साफ केला. मी शाळेत असताना करायची, कारण मी घरी असले की अडवायचे. अकरा ठोंबं फोडून तिने तीस केली आणि हातभर अंतरावर लावली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिथे मांडीएवढी उंच, दाट रांग उभी होती. पावसाचं पाणी पूर्वी त्या बाजूने तळघरात शिरायचं, ते शिरायचं बंद झालं. याचं श्रेय कोणी आईला दिलं नाही. प्लंबरला दिलं.

रोज सकाळी ती विळा घेऊन खाली जायची. कापायची एक रीत होती. तुरा यायच्या आत कापायचं, कारण तुरा आला की काडी राठ होते आणि गाय नाक मुरडते. बुडाशी चार बोटं ठेवायची. आणि एक ठोंब सोडून एक, म्हणजे रांग कधीच उघडी पडत नाही. मला एकदा हौस आली आणि मी सरळ जमिनीलगत सपासप कापत गेले. तिने माझ्या हातातून विळा काढून घेतला. "चार बोटं ठेवीसन काप. त्याले बी जगनं शे," ती म्हणाली. त्यालाही जगायचंय.

गेटवरून रोज एक भरवाडीण, म्हणजे इकडची गवळीण, एक गाय घेऊन जायची, एक शिंग खाली वाकलेली लाल गाय. आई मुठीने तिला मारवेल चारायची आणि तिच्याशी अहिराणीत बोलायची. गाय गुजराती, पण तिला कळायचं. मोतीबिंदू, गुडघे, मुलाचं घर सुटलं, या सगळ्यावर त्या पंधरा मिनिटांचं औषध होतं. हे मी तेव्हा जाणलं नाही. तेव्हा मी म्हणायचे, आईला वेळ घालवायला काहीतरी बरं आहे.

आता मुख्य गोष्ट.

डिसेंबरात एका दुपारी प्रमुख घरोघर सह्या घेत फिरत होते. मी शाळेत होते, नवरा ऑफिसात, घरी आई एकटी. आमचं घर तळमजल्यावर, जिन्याला लागून पहिलं, म्हणून पहिली सही आमच्याकडे. प्रमुख माणूस गोड आहे. त्यांनी कागद पुढे केला आणि विचारलं, "माजी, घास काढवानुं छे. वांधो नथी ने?"

ज्याला गुजराती येतं त्याला यात काही अवघड नाही. तिकडे घास म्हणजे गवत. आजी, गवत काढायचंय, हरकत नाही ना? पण माझ्या आईला गुजराती येत नाही. घास म्हणजे आमच्याकडे तोंडात जातो तो, फार तर मळ्यातला लसूणघास. बांधावरच्या गवताला कोणी घास म्हणत नाही. आणि घास काढणे म्हणजे काय हे कोणत्याही मराठी घरात विचारावं. ताट वाढलं की जेवायच्या आधी पहिला घास गाईसाठी बाजूला काढतात, ते. आईने आयुष्यभर काढला. माझ्या घरीही ती काढायची, फ्रिजवर एका वाटीत ठेवायची आणि सकाळी गाईला द्यायची.

तिला वाटलं, सोसायटीने ठरवलंय की आता प्रत्येक घरातून गाईसाठी घास काढायचा. तिने प्रमुखांना पाणी दिलं, कागद पालथ्या परातीवर ठेवला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, मराठीत, सगळ्यांत वर सही केली. तिच्या सहीखाली मग इतरांनी केल्या. माजींचीच सही आहे म्हटल्यावर कोण विचारणार?

संध्याकाळी मी आले तर ती खुशीत. "तुमना लोके चांगला शेतस," म्हणाली. "घास काढतस म्हने आते." तुमची माणसं चांगली आहेत, आता घास काढणार म्हणे.

आणि मी, मराठीची मास्तरीण, वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ फळ्यावर लिहिण्यात केस पांढरे झालेली, मला वाटलं छान. इथले लोक गाईला घालतात काहीबाही, असेल काही धर्माचं. मी चहा ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ध चा मा करायलासुद्धा एक अक्षर बदलावं लागतं, इथे तेवढंही बदललं नव्हतं.

चार दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. मागच्या पट्ट्यातलं जंगली घास काढून तिथे लॉन लावण्यात येईल, सभासदांची संमती घेतलेली आहे, खाली सह्यांची झेरॉक्स. जंगली. सगळ्यांत वर आईची सही, तिचा तो वळणदार 'बाई' शेवटी. आईने स्वतःच्या हाताने स्वतःच्या बांधावर सही करून दिली होती. गावातलं मारवेल भावाने संपवलं, इथलं आता हिच्या सहीने संपणार. यापुढे ते कुठेच उरणार नव्हतं.

माझ्या पर्समध्ये लाल पेन असतं. मी त्या झेरॉक्सवर, आईच्या सहीपासून बाण काढून, मराठीत लिहिलं: "घास काढणे : जेवणापूर्वी गाईसाठी पहिला घास बाजूला ठेवणे. या अर्थाने सही." खाली वाक्यात उपयोगही लिहिला: "उत्तरायणाला नाक्यावरून विकतचं गवत आणून गाईला चारणाऱ्यांनी दारातलं गवत उपटण्यापूर्वी घरोघर घास काढावा." भाषांतर दिलं नाही. तीस वर्षं त्यांच्या नोटिशी मी माझ्या डोक्यात भाषांतर करून वाचल्या, एकदा त्यांनी करावं.

प्रमुखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रविवारी मीटिंग बोलावली. मी आईला घेऊन गेले आणि पहिल्यांदा पुढच्या खुर्चीवर बसले. प्रमुख म्हणाले की नोटिशीवर लिहिणं म्हणजे सोसायटीचा अपमान, टीचरने लेखी माफी द्यावी. मी उठले आणि मराठीत बोलले, मुद्दाम, सावकाश. म्हटलं, ही सही फसवून घेतली असं मी म्हणत नाही, पण ती या कामासाठी नाही. आधी ती खोडा. कोणीतरी हसलं. आमच्याच खानदेशातला एक गृहस्थ मागून म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, गवतच आहे." त्या माणसाचा मला प्रमुखांपेक्षा जास्त राग आला. अजून आहे.

प्रमुखांना बहुधा कंटाळा आला असावा. ते म्हणाले, बरं, माजींची सही खोडतो, तरीही बाकीच्यांचं बहुमत आहेच. आणि त्यांनी पेन उघडलं.

तोवर आई माझ्या बाजूला तोंड करून विचारत होती, काय चाललंय. मी तिला सांगितलं. घास म्हणजे यांच्याकडे गवत. तुझं मारवेल काढणार आहेत. तू त्याला सही दिलीस. असं वाक्य आईला सांगण्याची वेळ माझ्यामुळे आली होती. मी तिला तीन वर्षांत चार गुजराती शब्द शिकवले नव्हते.

तिने हातातली पिशवी माझ्याकडे दिली. मग उभी राहिली. "खोडू नको," ती प्रमुखांना म्हणाली. "मी घास काढानी सही करेल शे. चांगला कामले करेल शे. ती खोडानी नही."

मी म्हटलं, माय, तू काय बोलतेस, खोडू दे. ती ऐकेना. सही चांगल्या कामाला केली, ती का खोडायची? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही जळला नव्हता. प्रमुखांना अहिराणी कळली नाही, पण हाताची खूण कळली. त्यांनी पेन बंद केलं. सही राहिली, बहुमतही राहिलं. मला वाटलं तिने हार मानली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत फोन करून रजा टाकली. नऊ वाजता दोन मजूर कुदळी घेऊन आले. मी पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिले, कंबरेवर हात, काय करणार ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. आई मागून आली. हातात विळा आणि खुरपं.

"सरक," ती मला म्हणाली. "काढनंच शे ते मी काढसू. ह्या मुळे तोडतीन." काढायचंच आहे तर मी काढते, हे मुळं तोडतील.

ती खाली बसली आणि पहिलं ठोंब तिने मुळांसकट, मातीसकट अलगद उचललं, पाळण्यातून बाळ उचलावं तसं. वरची पाती विळ्याने छाटली, चार बोटं ठेवली. ठोंब दोन्ही हातांत धरून मधोमध फोडलं. मग पुन्हा फोडलं. एकाची चार झाली. मारवेल लावायची रीतच ही आहे. ते उपटल्याशिवाय आणि फोडल्याशिवाय वाढवता येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि रात्रभर मी रडताना एकदाही आठवलं नव्हतं.

मजुरांनी कुदळी बाजूला ठेवल्या. त्यांतला एक बीडकडचा निघाला. त्याने काडीच्या पेरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आजी, हे तर मारवेल हाय की. हे कशाला काढायलेत?" आईने त्याला एक ठोंब दिलं. तो राहायला नवागामला, तिथल्या नाल्याच्या कडेला लावतो म्हणाला. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसून फोडू लागला.

मी बिल्डिंगीत गेले. ठोंबं लावायला रंगाचे रिकामे डबे, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, जे मिळेल ते मागितलं. प्रत्येक मराठी घराची घंटा वाजवली. त्या "गवतच आहे" म्हणणाऱ्याची जरा जास्त वेळ वाजवली. त्याची बायको बाहेर आली, दोन ठोंबं घेऊन गेली आणि दार लावताना माझ्याकडे बघून हसली. फळ्यावर पट्ट्याबद्दल लिहिलं होतं. डब्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

दुपार कलली तेव्हा एक काठियावाडी म्हातारी काठी टेकत मागे आली. प्रमुखांची आई. मी मनात म्हटलं, आली, आता हिचं ऐका. ती आईसमोर वाकली, एक ठोंब उचललं, वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "आ तो जिंजवो!" त्यांच्या गावाकडचं नाव ते. मग माझ्याकडे वळून सांगू लागली की त्यांच्या शिवारात हेच होतं, म्हशी याच्यावर वाढल्या, आता तिथे कापूस आणि कारखाना, बघून किती वर्षं झाली. "एक मने आपो," म्हणाली.

आईने तिला तीन दिली. सगळ्यांत दाट मुळांची.

प्रमुखांचं घर दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी त्या गॅलरीत तेलाच्या तीन डब्यांत मारवेल उभं होतं. प्रमुखांनी डब्यांविरुद्ध नोटीस काढायचा विचार केला असेल तर तो त्यांच्याच कठड्याला अडला. मागच्या पट्ट्यावर लॉन आलं. सुरेख आलं, पोपटी, त्यावर पाटी आली, आणि मे महिन्यात ते टँकरच्या पाण्यानेही वाचलं नाही. आई ते बघून म्हणाली, "या लॉनवरी ढोरेसनं पोट भरी का?" या लॉनवर गुरांचं पोट भरणार आहे का?

आता आमच्या चार बिल्डिंगांत किती घरांत डबे आहेत ते मी मोजलेलं नाही. गॅलऱ्यांतून तुरे बाहेर डोकावतात, तुरा दिसला की आई खालून ओरडते, कापा म्हणून. सकाळी वाकड्या शिंगाची गाय गेटाशी येते आणि पूर्वीसारखी निघून जात नाही, थांबते. वरून बायका उतरतात, मूठ मूठ घेऊन, कोणी नोकरीला निघता निघता, कोणी केस ओले असताना. माझी मुलगी कॉलेजला जाताना आमची मूठ घेऊन जाते. प्रमुखांची आई सगळ्यांत शेवटी येते, कारण तिला जिना वेळ लावतो.

"घास काढा का?" माझी आई तिला विचारते, काढला का म्हणून.

"काढ्युं, काढ्युं," ती म्हणते आणि मूठ पुढे करते.

परवा प्रमुखांनी पुन्हा माफीपत्राचं काढलं. फाइल अपुरी राहते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तो सह्यांचा कागद काढून बघा, फाइल पुरी आहे. पहिली सही माझ्या आईची, घरोघर गाईसाठी घास काढावा म्हणून केलेली. ती खोडलेली नाही, आणि तिच्या वर 'घास काढवानुं छे' लिहिलं होतं तसं सगळं झालं आहे.